दोन ते आठ

शारजाच्या कार्गोत जुलैची रात्र पडत नाही,
नुसते दिवे लागतात.
बाहेर हवा ओल्या घोंगड्यासारखी अंगावर येते,
आत मी स्वेटर घालून
काचेतून आकडा वाचतो : चार पूर्णांक एक.

मनिलाचं विमान धुळीमुळे कुठेतरी अडकलंय.
खोकी सतरा.
दोन ते आठ अंशांत ठेवा. गोठू देऊ नका.
चाचणीची लस, फुप्फुसाच्या रोगावर.
रोडेल खालची ओळ वाचतो आणि हसतो :
"बाबॉय! डुकरांची आहे.
मामाकडे चाळीस होती आमच्या,
आता त्या गोठ्यात तो टोमॅटो लावतो."
गुलझरीन फोर्कलिफ्टवरून उतरत नाही.
तो फक्त वजन विचारतो,
हातमोजे चढवतो, उचलतो, ठेवतो,
आणि हातमोजे कचऱ्यात टाकतो. बोलत काही नाही.

मीही नाही. बारा वर्षं झाली.
नोकरीच्या अर्जात बापाच्या धंद्यापुढे मी लिहिलं होतं : शेती.
शेत कुठलं? कुर्डुवाडीच्या रुळांपलीकडे
शिंदीच्या फोकांचा ढीग, अर्ध्या विणलेल्या टोपल्या,
आणि एकोणीस डुकरं.

खोकला पहाटे सुरू व्हायचा.
आधी नाही. झोपेत नाही.
उठून चार पावलं टाकली की मग,
कोरडा, एकामागून एक,
पाठ कमानीसारखी, मान खाली,
जणू जमिनीलाच काही सांगायचंय.
हरिबा, माझा बाप, अंधारात कान लावायचा कुशीला.
आई ओव्याची धुरी करायची
आणि आधी आम्हीच खोकायचो.
सरकारी डॉक्टर शेजारच्या म्हशीकडे आला होता.
"डुकराला कोण टोचतं रे?" म्हणाला,
आणि मोटारसायकलला किक मारली.

खोक्यासोबतची कागदं मी वाचतो. वाचायची नसतात.
सहाशे पिल्लं. तीनशेंना लस,
तीनशेंना मिठाचं पाणी.
कुणाला काय, हे टोचणाऱ्यालाही सांगत नाहीत.
शेवटी फुप्फुसं उघडून
डाग मोजायचे, टक्क्यांत.

बाप टक्के शिकला नव्हता.
पण सुरी चालली की आधी तो फुप्फुस बघायचा :
पुढच्या पाळीवर जांभळट करडा तुकडा,
काळजासारखा घट्ट, दाबला तर न दबणारा.
"ह्यानं श्वास हितं साठवून ठिवला व्हता,"
म्हणायचा, आणि तो तुकडा कुत्र्यापुढे टाकायचा.
आमची सगळीच मिठाच्या पाण्यातली.
नाही, तेही नाही. पाणीही कुणी टोचलं नव्हतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी कॉम्प्रेसर थांबतो.
पाच पूर्णांक सहा.
सहा पूर्णांक नऊ.
बिजोय कुरियन फोन उचलत नाही.
मी बर्फाच्या पिशव्या काढतो,
रोडेल त्या थेट खोक्यांना टेकवायला धावतो
आणि मी ओरडतो. मराठीत.
मधे पुठ्ठा घाल! गोठली तर मेली ती!
त्याला कळतं. कसं कोण जाणे.
गुलझरीन येतो, या वेळी पायी,
हातमोजे न घालता,
दुसऱ्या खोलीचं दार खांद्यानं धरून ठेवतो
सतरा खोकी आत जाईपर्यंत.

पाच पूर्णांक दोन.
तिघं पालथ्या क्रेटवर बसतो.
घाम आणि थंडी एकाच शर्टात.
"तुला एवढं कसं माहीत?" रोडेल विचारतो.

"आमच्याकडे होती."

"किती?"

"एकोणीस. त्या हिवाळ्यानंतर अकरा."

गुलझरीन माझ्याकडे बघतो,
मग चहाचा थर्मास पुढे करतो,
झाकणात ओतून. स्वतः ज्यात पितो, त्याच झाकणात.

मी नोंदवहीत वेळ लिहितो, आकडा लिहितो,
शेऱ्याच्या रकान्यात काही लिहीत नाही.